आयसीयूत सलाईन लावताना: कोणती, किती, किती वेगात आणि बंद कधी

इंदूरात पेशंट आयसीयूत घेतला की दाराशी उभ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, मराठी घरातले असतील तर "डॉक्टर, सलाईन लावली ना?" आणि धार-खरगोनकडचे असतील तर "साब, बॉटल चढ़ गई क्या?" बाटली लटकलेली दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडतो. त्यांचं सोडा हो, आपलं तरी काय वेगळं आहे, रात्री दोनला सिस्टरांचा फोन येतो की सर बीपी ८० झालंय आणि अर्धवट झोपेत आपल्या तोंडून निघतं, "पाचशे एनएस देऊन टाका." एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन, मिठाचं पाणी. पण ते का, कशासाठी, देऊन काय बघायचं, काही नाही.

हे मी नवीन आरएमओंसाठी (निवासी डॉक्टर) आणि आयसीयूत नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी लिहितोय. फक्त मोठ्या माणसांबद्दल, लहान मुलं आणि गरोदर बायका यांचं गणित वेगळं. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आणि तुमचे सीनियर आधी, मी नंतर. माझं म्हणणं एवढंच की सलाईन हे औषध आहे, आणि मेरोपेनेमसारखं अँटिबायोटिक लिहिताना आपण जसं डोस, वेग आणि किती दिवस हे लिहितो तसंच बाटलीचं पण लिहायचं, आणि बंद कधी करायची ते लावतानाच ठरवायचं.

आधी कारण ठरवा

बाटली चार कारणांनी लागते. पेशंट शॉकमध्ये आहे, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोहोचत नाही, म्हणून, जुलाब-उलट्या-ड्रेनमधून जे वाहून जातंय ते भरायला, तोंडाने काही जात नाही म्हणून रोजची गरज भागवायला, आणि औषधं पातळ करायला. चौथं कारण कोणी मोजतच नाही आणि सगळ्यात जास्त पाणी तिथूनच शिरतं, त्यावर पुढे येतो. फाईलमध्ये ऑर्डरपुढे कारण एका शब्दात लिहा. कारण सुचत नसेल तर ती बाटली बहुतेक लागतच नाही.

कोणती बाटली

एनएसला नॉर्मल म्हणतात पण त्यात नॉर्मल असं फारसं काही नाही. एका लिटरमध्ये सोडियम १५४ मिलिइक्विव्हॅलंट आणि क्लोराइड पण १५४, आपल्या रक्तात क्लोराइड असतं शंभराच्या आसपास. एक लिटर म्हणजे ९ ग्रॅम मीठ. डब्ल्यूएचओ धडधाकट माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणतं आणि आपण किडनी बसलेल्या माणसाला सकाळपासून तीन बाटल्या देतो. भरपूर एनएस गेलं की क्लोराइड वाढतं, बायकार्ब (आम्लता मारणारा क्षार) उतरतं, एबीजीत, म्हणजे धमनीच्या रक्ताच्या तपासणीत, पीएच खाली दिसतो (आम्लता वाढली, हाच अ‍ॅसिडोसिस), मग कोणीतरी म्हणतं अ‍ॅसिडोसिस वाढला, शॉक वाढला, अजून एक बाटली लावा. म्हणजे आपणच केलेल्या अ‍ॅसिडोसिसवर परत तेच औषध!

म्हणून बहुतेक पेशंटना माझी पहिली पसंती आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट. सोडियम साधारण १३०, क्लोराइड ११० च्या आत-बाहेर, पोटॅशियम ४, थोडं कॅल्शियम आणि २८ च्या आसपास लॅक्टेट. त्यातल्या पोटॅशियमला घाबरून किडनीच्या पेशंटला आरएल न देणारे अजून भेटतात. अरे, ४ पोटॅशियमचं द्रावण ६ पोटॅशियमच्या रक्तात मिसळलं तर पोटॅशियम वर कसं जाईल? उलट एनएसच्या अ‍ॅसिडोसिसने पेशीतलं पोटॅशियम बाहेर येतं. त्यातल्या लॅक्टेटचं लिव्हर बायकार्ब करतं, लिव्हर पूर्ण बसलेलं असेल तर प्लाझ्मालाइटसारखं अ‍ॅसिटेटवालं द्रावण बरं, पण ते महाग आहे आणि प्रत्येकाला लागत नाही.

मोठ्या ट्रायल्स काय म्हणतात? २०१८ च्या स्मार्ट ट्रायलमध्ये पंधरा हजारांवर पेशंट होते, त्यात मृत्यू, डायलिसिस किंवा किडनी न सुधारणं हे सगळं मिळून बॅलन्स्ड द्रावणात (आरएल, प्लाझ्मालाइटसारखं, रक्ताशी जुळतं) १४.३ टक्के आणि सलाईनमध्ये, म्हणजे एनएसमध्ये, १५.४. नंतर ब्राझीलची बेसिक्स २०२१ मध्ये आणि प्लस २०२२ मध्ये आली, त्यांत मृत्यूत फरक दिसला नाही. म्हणजे एक-दोन लिटरसाठी भांडत बसू नका, पण जास्त लागणार असेल तर आरएल. सेप्सिसवरची (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडणं) सर्व्हायव्हिंग सेप्सिसची २०२१ ची गाइडलाइन पण सलाईनपेक्षा बॅलन्स्डकडेच झुकते.

एनएस कुठे हवं? डोक्याला मार लागलेला पेशंट, कारण आरएल रक्तापेक्षा किंचित पातळ आहे आणि मेंदूची सूज वाढायला नको. शिवाय उलट्या होऊन होऊन क्लोराइड घसरलेला पेशंट, आणि ज्या लाइनमधून रक्त चाललंय ती लाइन. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन आणि आरएल एका लाइनमध्ये एकत्र सोडू नका, कॅल्शियमबरोबर साका बनतो.

पाच टक्के डेक्स्ट्रोजने बीपी वाढत नाही, ही ओळ नोट्समध्ये लाल पेनने लिहून ठेवा. साखर वापरली गेली की उरतं नुसतं पाणी आणि ते सगळ्या शरीरभर पसरतं, नसांत साधारण बारावा हिस्सा उरतो. "ग्लुकोजने ताकद येते" म्हणणाऱ्या काकूंना सांगा की एका लिटरमध्ये १७० कॅलरी आहेत, आपल्याकडची एक प्लेट पोहे-जलेबी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

स्टार्चचं द्रावण वापरूच नका, २०१२ च्या चेस्ट आणि सिक्स-एस ट्रायल्समध्ये डायलिसिसची गरज वाढलेली दिसली, सिक्स-एसमध्ये तर मृत्यू पण. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) वाईट नाही पण महाग आहे. सेफ ट्रायलमध्ये, २००४ साली, जवळपास सात हजार पेशंटमध्ये ते सलाईनइतकंच निघालं, आणि डोक्याला मार लागलेल्यांत उलट वाईट. सिरोसिसमध्ये (लिव्हर कायमचं खराब होणं) त्याची पक्की जागा आहे: पोटातलं पाणी ५ लिटरच्या वर काढलं तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम, आणि त्या पाण्यात इन्फेक्शन असेल तर पहिल्या दिवशी किलोला दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक.

लाइन बघा

निळ्या २२ नंबरच्या कॅन्युलातून (नसेत टाकायची छोटी नळी) बोलस, म्हणजे काही मिनिटांत जोरात सोडायचं पाणी, देणं म्हणजे थंडाईचा ग्लास औषधाच्या ड्रॉपरने भरणं. शॉकमध्ये दोन्ही हातांना हिरवी १८ नंबर, रक्तस्राव असेल तर करडी १६. आखूड आणि जाड नळीतून पाणी जोरात जातं, लांब आणि बारीक नळीतून हळू, म्हणून सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या नसेपर्यंत जाणारी लांब नळी) टाकली की बोलस लवकर जाईल हा गैरसमज आहे. सेंट्रल लाइन नॉरअ‍ॅडसाठी टाका, पाण्यासाठी तिची वाट बघू नका. (नॉरअ‍ॅड म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनलिन, नसा आवळून बीपी वाढवणारं औषध.) आणि नॉरअ‍ॅडसाठी पण थांबू नका, कोपराजवळच्या चांगल्या मोठ्या नसेतून काही तास चालतं, फक्त सिस्टरांनी ती जागा सारखी बघायची, पांढरी पडली की लगेच बंद.

पंप कमी पडत असतील तर २० थेंबांच्या सेटला एक सोपं गणित आहे, तासाचे एमएल भागिले ३ म्हणजे मिनिटाचे थेंब. तासाला ८० एमएल म्हणजे २७ थेंब. मायक्रो सेटला (६० थेंबांचा) ८० म्हणजे ८०च. पण सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा वाचून घ्या, सगळे सेट २० चे नसतात.

पहिला तास

सेप्टिक शॉकसाठी गाइडलाइन म्हणते पहिल्या तीन तासांत किलोला ३० एमएल. ६० किलोच्या माणसाला १८०० होतात. लक्षात घ्या, २०२१ मध्ये ही शिफारस मजबूतवरून कमजोर केली गेली. मी तिला अंदाज मानतो, टार्गेट नाही, आणि एकदम अठराशे लिहीत नाही. २५० किंवा ५०० चा बोलस, १० ते १५ मिनिटांत, प्रेशर बॅग लावून, मी किंवा सिस्टर पलंगाशी उभे. तीच ५०० ची बाटली दीड तास टिपटिप गेली तर तो बोलस नव्हे, त्यातून पेशंटला काय फरक पडला ते कळणारच नाही.

बोलसच्या आधी आणि नंतर तेच तेच बघायचं. मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५, ठीक आहे, पण त्याहून मला बोट आवडतं. उजव्या हाताची तर्जनी घ्या, पेराच्या पोटावर लॅबमधली काचेची स्लाइड दाबा, कातडी पांढरी होईपर्यंत, दहा सेकंद तशीच धरा, सोडा आणि मोजा. तीन सेकंदांच्या आत लाली परत आली तर रक्त टोकापर्यंत पोहोचतंय. आली नाही तर अजून शॉक आहे, मॉनिटर काही का म्हणेना. आमच्याकडे एसी इतका गार असतो की बोटं तशीच थंड पडतात, म्हणून आधी हात थोडा वेळ ब्लँकेटमध्ये ठेवायचा. गुडघ्यांवरची निळसर जाळी पण बघा, चादर वर करायला काही पैसे पडत नाहीत. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक ट्रायलमध्ये ही बोटाची तपासणी दर अर्ध्या तासाला करत होते आणि रक्तातल्या लॅक्टेटच्या (शॉकमध्ये वाढतं) मागे धावण्यापेक्षा ती कमी पडली नाही. लॅक्टेट दोन-दोन तासांनी पाठवा, पण ते लिव्हरमुळे, अ‍ॅड्रिनलिनमुळे पण वर राहतं, प्रत्येक ४ वर बाटली लावायची नसते.

दीड-दोन लिटर गेले, बीपी येत नाही, तर नॉरअ‍ॅड. खरं म्हणजे डायस्टोलिक (खालचं बीपी) ४० च्या खाली असेल तर पहिल्या बोलसबरोबरच. नसा सैल पडल्यात, त्या आवळायचं औषध द्यायचं सोडून आपण टाकी भरत बसतो. पाणी कमी आणि नॉरअ‍ॅड लवकर विरुद्ध पाणी जास्त असं २०२३ च्या क्लोव्हर्स ट्रायलमध्ये तपासलं, १५६३ पेशंट, मृत्यूत फरक नाही. २०२२ ची क्लासिक पण तेच सांगते. म्हणजे हात आखडता घेतला म्हणून पेशंट मेले नाहीत. आमच्या जुन्या पिढीला हे पटायला वेळ लागला, मला पण लागला.

दुसऱ्या-तिसऱ्या बोलसच्या आधी: पाय वर करून बघा

पहिला बोलस डोळे झाकून चालतो, तिसरा नाही. पेशंटला ४५ डिग्रीवर अर्धवट बसवा. मग पलंगाच्याच बटणाने धड आडवं करा आणि पाय ४५ डिग्री वर. पायातलं साधारण ३०० एमएल रक्त हृदयाकडे येतं, म्हणजे पेशंटचंच रक्त उसनं घेऊन करून बघितलेला बोलस, नाही जमलं तर पाय खाली, हिशोब पूर्ण. एका मिनिटाच्या आत इकोवर व्हीटीआय (हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर टाकतं त्याचं माप) दहा टक्के किंवा जास्त वाढला तर हृदय अजून पाणी घेऊन काम वाढवू शकतं. इको येत नसेल आणि पेशंट व्हेंटिलेटरवर शांत असेल तर एंड-टायडल सीओटू (श्वास सोडताना शेवटी येणारा कार्बन डायऑक्साइड) बघा, पाच टक्के वाढला तरी धरा. नुसतं बीपी बघून ठरवू नका, ते फसवतं. आणि वॉर्डबॉयला पाय धरून उचलायला सांगू नका, पेशंटला दुखतं, तो दचकतो, बीपी वाढतं आणि आपण खूश. पोट फुगून टाइट असेल तर ही टेस्ट विसरा.

सीव्हीपीच्या (हृदयाजवळच्या मोठ्या नसेतला दाब) आकड्यावरून बोलस ठरवणं सोडून द्या. पल्स प्रेशर व्हेरिएशन (श्वासागणिक नाडीच्या दाबात पडणारा फरक) १३ टक्क्यांच्या वर असेल तर उपयोगी, पण हृदयाचा ताल नियमित हवा, पेशंट स्वतः श्वास घेत नसावा आणि टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) किलोला ८ एमएल हवा, एवढं सगळं एकत्र जुळलेला पेशंट क्वचित मिळतो.

आणि हे नीट वाचा: टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे पाणी द्यायलाच हवं असं नाही. राजवाड्यावर उभा राहून गप्पा मारणाऱ्या धडधाकट माणसाचे पाय वर केले तरी व्हीटीआय वाढेल, त्याला काय आपण सलाईन लावतो का? शॉक आहे, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आहे, आणि फुप्फुसं कोरडी आहेत, तिन्ही असेल तर द्या. सोनोवर बी-लाइन्स (फुप्फुसात पाणी असल्याची खूण) वाढल्या, ऑक्सिजन वाढवावा लागला की थांबा.

प्रत्येकाला एकच माप नाही

डेंगू: पावसाळा संपता संपता आमचे निम्मे बेड त्याचे. इथे पाणी नसांतून गळतंय पण फक्त २४ ते ४८ तास. बीपी टिकून आहे पण शॉक सुरू झालाय तर पहिल्या तासाला किलोला ५ ते १० एमएल, मग ५ ते ७, मग ३ ते ५, मग २ ते ३, दर पायरीला हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघत खाली उतरायचं. पेशंट बिघडतोय आणि हिमॅटोक्रिट उतरतंय तर आनंद मानू नका, आतून रक्त जातंय, रक्त मागवा. आणि गळती थांबली की तेच पाणी परत नसांत येतं, तेव्हा बाटली चालू राहिली तर प्लेटलेट वाढत असताना पेशंट फुप्फुसात पाणी भरून बिघडतो. ते बघून फार वाईट वाटतं कारण ते टाळता येतं.

एबी रोडवरचा अ‍ॅक्सिडेंट: रक्त गेलंय तर रक्त द्या. दोन लिटर सलाईनने बीपी सुंदर दिसेल, पण रक्त पातळ, थंड आणि न गोठणारं होईल.

डीकेए (डायबिटीसमध्ये रक्तात आम्ल साठणं): हृदय-किडनी बरी असेल तर पहिल्या तासात एक ते दीड लिटर, पण इन्शुलिनच्या आधी पोटॅशियम बघा, साडेतीनच्या खाली असेल तर आधी पोटॅशियम. शुगर २५० वर आली की डेक्स्ट्रोज जोडा, इन्शुलिन बंद करू नका.

पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज): आम्हाला शिकवलं होतं की पाण्याने न्हाऊ घाला. २०२२ च्या वॉटरफॉल ट्रायलने ते मोडलं, जोरदार पाणी दिलेल्यांत २०.५ टक्के ओव्हरलोड (अंगात पाणी जास्त होणं), बेताने दिलेल्यांत ६.३, आणि आजार काही कमी झाला नाही. बेताने म्हणजे पेशंट सुकलेला असेल तर किलोला १० चा बोलस आणि मग तासाला किलोला दीड.

डायलिसिसचा किंवा कमजोर हृदयाचा पेशंट सेप्सिसमध्ये आला की सगळे एक थेंब द्यायला घाबरतात. त्याला पण लागतं, २५०-२५० चे बोलस द्या आणि प्रत्येकानंतर छाती ऐका.

सोडियम बरेच दिवस कमी असलेला पेशंट असेल तर २४ तासांत ८ च्या वर चढू देऊ नका, साधं एनएस पण कधी कधी फार वेगाने चढवतं.

रोजची गरज आणि चोरवाटेने शिरणारं पाणी

माणसाला दिवसाला किलोला २५ ते ३० एमएल पाणी लागतं, म्हणजे ६० किलोला १५०० ते १८००. आता तिसऱ्या दिवसाचा असा चार्ट घ्या, रोज दिसतो. मेरोपेनेम शंभरात तीनदा, ३००. मेट्रोनिडाझोल तीनदा, ३००. पॅरासिटामॉलची बाटली तीनदा, ३००. पोटॅशियम करेक्शन शंभरची दोन, २००. नॉरअ‍ॅड तासाला ५, १२० झाले. गुंगीचं औषध तासाला ४, म्हणजे ९६. सेंट्रल लाइनच्या तीन वाटा उघड्या राहाव्यात म्हणून प्रत्येकी तासाला ५, ते ३६०. बेरीज करा, १६७६. दिवसाची गरज इथेच भागली आणि अजून आपण "सलाईन" लावलेलीच नाही! त्यावर नाकातल्या नळीने फीड तासाला ५०, १२०० झाले. आणि पहिल्या दिवशी कोणीतरी लिहिलेलं "आरएल ८० एमएल/तास" कोणी बंद केलंच नाही, ते १९२०. एकूण चार हजार सातशे शहाण्णव.

म्हणून फीड लागलं की मेंटेनन्स, म्हणजे रोजच्या गरजेची बाटली, बंद. नॉरअ‍ॅड दुप्पट घट्ट बनवा, वेग निम्मा होतो, पण सिरिंजवर मोठ्या अक्षरात लिहा आणि ड्यूटी बदलताना तोंडाने सांगा, नाहीतर जीवघेणी चूक होईल. पॅरासिटामॉल नळीतून जातं. औषध पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये चालत असेल तर मीठ तरी वाचतं, फार्मसीला विचारा.

चार्ट, आणि एक बांगड्यांची गोष्ट

मी नवीन होतो तेव्हा एका हॉस्पिटलात रात्रपाळीला मुतखड्यातून सेप्सिस झालेली चाळिशीची बाई आली, ५५ किलोची. बीपी पडलं की पाचशे, लघवी कमी झाली की पाचशे, मी तीन रात्री असाच देत गेलो, दिवसाचे डॉक्टर पण देत होते, आणि चार्टवर रोजचा बॅलन्स (आत गेलेलं वजा बाहेर आलेलं पाणी) रोज नव्याने शून्यापासून मोजला जायचा, आदल्या दिवसाचा पुढे कोणी ओढलाच नाही. चौथ्या सकाळी सिस्टरांनी बोलावलं. हात इतके सुजले होते की हिरव्या काचेच्या बांगड्या कातडीत रुतून बसलेल्या, खाली निळे वळ. सिस्टर कात्री-पक्कड घेऊन उभ्या आणि बाईच्या सासूबाई त्यांचा हात धरून म्हणतायत, "फोडू नका हो, वाढवा म्हणा, आणि एक तरी राहू द्या." एकेक बांगडी गॉजमध्ये धरून वाढवली. मग मी चारही दिवसांची बेरीज केली, साडेनऊ लिटर जास्त. ती परत व्हेंटिलेटरवर गेली, तीन आठवड्यांनी घरी गेली. खडा मात्र दुसऱ्या दिवशीच स्टेंट टाकून मोकळा केला होता, म्हणजे खरा इलाज तेव्हाच झाला होता, पुढचं सगळं पाणी माझं.

तेव्हापासून माझ्या राउंडला पहिला आकडा आजचा बॅलन्स नाही, आल्यापासूनचा एकूण. जमलं तर वजन. सूज डोळ्यांना दिसते तोवर दोन-तीन लिटर आत गेलेले असतात, आणि ती पायात शोधू नका, झोपलेल्या पेशंटची सूज कमरेवर आणि मांडीच्या मागे असते.

पाणी काढणं

नॉरअ‍ॅड कमी होतंय, लॅक्टेट उतरलं, बोटाला लाली लगेच येतेय, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उलटा प्रवास सुरू. आधी देणं थांबवा, मग फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध). दिवसाला अर्धा ते एक लिटर उणे एवढं मी धरतो, बीपी सांभाळत, पोटॅशियम-मॅग्नेशियम दिवसातून दोनदा बघत. किलोला १ ते १.५ मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड देऊन पण दोन तासांत २०० एमएल लघवी होत नसेल तर किडनीवाल्यांना फोन करा, डोस वाढवत दिवस घालवू नका. एआरडीएसमध्ये (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन कमी पडणं) तर हे फार मोलाचं आहे, २००६ च्या फॅक्ट ट्रायलमध्ये हजार पेशंट होते, सात दिवसांनंतर पाणी कमी दिलेल्या गटाचा बॅलन्स जवळपास शून्य आणि दुसऱ्याचा सात लिटर अधिक. मृत्यूत फरक नव्हता पण कोरड्या गटाचे पेशंट व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले.

लघवी कमी आहे म्हणून आपोआप बोलस देऊ नका. आधी कॅथेटर फ्लश करा, खरंच. मागच्या महिन्यात दोन बोलस देऊन झाल्यावर कळलं की नळी पेशंटच्या मांडीखाली दुमडली होती.

शेवटी नातेवाईक. बाटली काढली की ते घाबरतात, त्यांना वाटतं डॉक्टरांनी हात टेकले. मी आता काढायच्या आधीच बाहेर जाऊन बोलतो. परवा एक आजोबा होते, सुनेसाठी रोज देवासहून यायचे, म्हणाले, "अहो पण बाटलीशिवाय ती राहील कशी?" मी त्यांना आत नेलं, तिच्या नाकातली नळी आणि वर टांगलेली फीडची पिशवी दाखवली, म्हटलं आजोबा, आता जेवण पोटातून चाललंय, शिरेतून नको. त्यांनी पिशवीला हात लावून बघितला, म्हणाले, "गार आहे हो, कोमट करून देत नाही का?"